हाकेवर हाक

त्यांचं खरं आडनाव कोर्टाच्या पगारपत्रकाला ठाऊक असावं. बाकी सगळी वस्ती त्यांना पुकारे म्हणायची. कोर्टाच्या लांबलचक व्हरांड्यात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. नाव तीनदा पुकारायचं असा रिवाज. पहिल्यांदा माणूस दचकतो, दुसऱ्यांदा त्याला वाटतं की आपल्याच नावाचा दुसरा कुणी असेल, आणि तिसऱ्यांदा तो वकिलाला शोधायला लागतो. पुकारेंचा आवाज असा होता की खालच्या मजल्यावरचे कारकून त्यांनी श्वास घेतलेला ऐकूनच टेबलावरचे कागद हाताने दाबून धरत. साऱ्या नोकरीत या आवाजाने एकाही माणसाला आनंद झाला नव्हता. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. आनंद देणं हे कोर्टाचं काम नव्हे, एवढं त्यांना कळत होतं.

आता तिथे नावं बोलणारं यंत्र बसणार होतं. व्हरांड्यात कर्णे लागले होते, तारा लोंबत होत्या, आणि पुकारेंची बदली टपालाच्या खोलीत ठरली होती. टपालाच्या खोलीत बोलावं लागत नाही, चिकटवावं लागतं. म्हणजे यापुढे मोकळ्या गळ्याने हाक मारायला त्यांना जगात एकच जागा उरणार होती, ती म्हणजे हाकचेंडूच्या मैदानावरची खडूची रेघ. आणि तीही पायाखालून जाण्याच्या बेतात होती.

हाकचेंडू हा खेळ समजायला सोपा आणि समजावून सांगायला अवघड. मैदानाच्या एका टोकाला उंच भिंत. भिंतीकडे तोंड करून, रेघेवर पाय ठेवून हाकारी उभा राहतो आणि एक शब्द मारतो. शब्द भिंतीवर आदळला की त्याचा चेंडू होतो आणि हाकाऱ्याच्या डोक्यावरून मागे येतो. तिथे दोन्ही संघांचे झेले टपून असतात. चेंडू जमिनीला लागण्याआधी झेलला, तर शब्दात जितकी अक्षरं तितके गुण. लागला तर धुरळा होतो आणि हाती काही येत नाही. जोडाक्षरांचा चेंडू खडबडीत असतो, कुठे उसळेल सांगता येत नाही. अनुस्वार असला तर तो कानाजवळून गुणगुणत जातो. ‘ळ’ गरगर फिरतो. एका हाकाऱ्याने एकदा ‘प्रतिष्ठा’ मारली होती. ती विटेसारखी खाली आली आणि दोन झेल्यांनी ती मोठ्या नम्रतेने सोडून दिली. शिव्यांना बंदी आहे, पण त्यामागे सभ्यतेचा काही संबंध नाही. शिवीच्या चेंडूने तळहाताला फोड येतात.

खरी मेख पुढच्या नियमात आहे. हंगामात एकदा मारलेला शब्द उष्टा होतो, तो पुन्हा चालत नाही. ‘घर’ उष्टं झाल्यावर ‘घरी’ चालेल का, यावर हाकचेंडू मंडळाची बैठक अख्खा हिवाळा चालली. दोन सभासदांनी राजीनामे दिले, एकाने दुसऱ्याच्या घरी जाणं सोडलं. शेवटी ‘घरी’ चालतं असं ठरलं, पण तोवर कुणाला ते मारायची इच्छा राहिली नव्हती. हंगाम सरत येतो तसे चांगले हलके शब्द संपत जातात आणि हाकारी एखाद्या सुतारासारखे उरल्यासुरल्या फळकुटांत हात घालून काहीतरी शोधत बसतात.

आणखी एक. खेळ चालू असताना हाकाऱ्याखेरीज कुणी एक शब्द बोलायचा नाही, ना झेल्यांनी, ना दोराबाहेरच्या प्रेक्षकांनी. कारण मागून दुसरा शब्द भिंतीवर गेला की तो हवेतल्या चेंडूवर आदळतो आणि दोन्ही फुटतात. याला ‘हाकेवर हाक’ म्हणतात. जो बोलला त्याच्या संघाचा तो डाव बाद. त्यामुळे प्रेक्षक तोंडात रुमाल धरून बसतात, खेळाडू हातवारे करतात. शिंक चालते, शिंक हा शब्द नव्हे, असा मंडळाचा निकाल आहे आणि तो एकमताने झालेला मंडळाचा एकमेव निकाल आहे.

आता पुकारेंचं दुखणं ध्यानात येईल. त्यांच्या गल्लीच्या संघात भिंतीपर्यंत दणकून पोचणारा आवाज त्यांचाच. त्यांचा शब्द भिंतीवर असा बसायचा की चेंडू टणटणीत व्हायचा आणि मैदानाच्या पार टोकापर्यंत जायचा. पण कोर्टाची सवय. ‘पायपीट’ म्हणून हाक जायची, चार अक्षरांचा देखणा चेंडू हवेत चढायचा, झेले धावायचे, आणि तेवढ्यात पुकारे दुसऱ्यांदा म्हणायचे, ‘पायपीट’. उष्टा शब्द चेंडूवर आदळायचा, फटाका व्हायचा, आणि धुरळा खाली बसेपर्यंत तिसरी ‘पायपीट’ही जाऊन आलेली असायची. या हंगामात संघ तीन सामने असाच हरला होता. प्रतिस्पर्धी तर त्यांच्या डावाला झेले खुर्चीवर बसवून पाणी पाजत.

संघाची कप्तान होती त्यांची सून. ती खिडक्यांना काचा बसवायची. सकाळी मोठाल्या काचा गाडीवर चढवून निघायची, संध्याकाळी बोटांना काचा चिकटवायची लांबी माखून यायची. मोठी काच दोन तळव्यांत तोलून जिना चढणाऱ्या बाईच्या हातून चेंडू कुठला सुटायला. नवरा दूर बंदरावर नोकरीला. त्यामुळे घरात सासू, सासरे आणि ती, आणि बोलण्याचा विषय बहुधा हाकचेंडू.

शेवटच्या सामन्याआधी औषधांच्या दुकानामागच्या खोलीत संघ जमला. दुकानदारच संघाचा चिटणीस. हा सामना हरलो तर संघ खालच्या गटात जाणार होता, आणि खालच्या गटात फक्त दोन अक्षरी शब्द मारायची परवानगी असते. मोठ्या माणसांनी भर मैदानात ‘मका’, ‘ताट’ म्हणून ओरडायचं, ही कल्पनाच कुणाला सहन होईना.

‘‘तुझे सासरे आहेत, म्हणून बोलता येत नाही,’’ चिटणीस म्हणाला.

‘‘बोला की,’’ सून म्हणाली. ‘‘घरी आम्ही दुसरं काय करतो.’’

‘‘या सामन्यात त्यांनी पुन्हा तोच घोळ घातला तर पुढच्या हंगामाला हाकारी दुसरा. मी सगळ्यांच्या वतीने सांगतोय.’’

पुकारे तिथेच खोक्यावर बसले होते. ते म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’ आणि मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’ खोलीतल्या सगळ्यांनी तिसऱ्याची वाट पाहिली. तो त्यांनी गिळला. त्या आठवड्यातली ती मोठी प्रगती.

घरी उपाय सुरू झाले. पुकारेंनी कपाटाकडे तोंड करून हाक मारायची आणि लगेच सुनेने त्यांच्या तोंडावर हात ठेवायचा. दुसरी हाक तळहातातून यायची, गुदमरलेली पण स्पष्ट. बायकोने बाटलीचं बूच आणून दिलं. पहिली हाक झाली की तोंडात घालायचं. पुकारेंनी बुचासकट दोनदा पुकारून दाखवलं.

‘‘अहो, पण एकदा म्हटलं की झालं ना,’’ बायको म्हणाली. ‘‘इतकं काय कठीण आहे? लग्नाला होकार एकदाच दिलात.’’

‘‘तेव्हा समोर माणसं होती,’’ पुकारे म्हणाले. ‘‘इथे भिंत आहे. एकदा हाक मारून गप्प बसायचं म्हणजे पोचली की नाही, कसं कळणार?’’

‘‘माझ्या हाका कुठे पोचतात. मी बसतेच ना गप्प?’’

‘‘कधी?’’ पुकारेंनी खरोखरच कुतूहलाने विचारलं, आणि त्या संध्याकाळचा सराव तिथेच संपला.

सामन्याच्या आदल्या दिवशी कोर्टातली एक खिडकी फुटली म्हणून सुनेला बोलावणं आलं. पुकारेंना ती व्हरांड्याच्या टोकाला शिडीवर दिसली, तोंडात खिळे धरून चौकट साफ करताना. त्यांनी एका पक्षकाराचं नाव पुकारलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पुकारलं. मग पुढचं प्रकरण. या वेळी पहिल्याच हाकेला गर्दीतून एक म्हातारा ‘‘हजर’’ म्हणाला, आणि पुकारे वळून पुढच्या कागदाकडे गेले. शिडीवरची सून काम थांबवून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या बोटावरची लांबी तशीच राहिली होती. पुकारेंना वाटलं, काच मापात बसत नसावी.

सामन्याच्या दुपारी मैदान गच्च भरलं. प्रतिस्पर्धी वरच्या गल्लीचे, आणि त्यांचा हाकारी गायनमास्तर. मास्तरांच्या हाकेला गोडवा फार. त्यांचे चेंडू लोण्यासारखे यायचे. झेलायला बरे, पण भिंतीपाशीच रेंगाळायचे. पंच होते दातांचे डॉक्टर. तोंड बंद ठेवायला सांगण्याचा अधिकार त्यांना आठवड्यातून फक्त याच दुपारी मिळायचा आणि ते तो पुरेपूर वापरायचे.

शिटी झाली आणि मैदानावर अशी शांतता पसरली की रुमाल चावल्याचा आवाज ऐकू यावा. मास्तरांनी ‘मलमल’ मारली. चेंडू तरंगत आला, त्यांच्याच झेल्याने अलगद उचलला, चार गुण. पुकारे रेघेवर आले. ‘दगड’. भिंत हादरली, चेंडू सणसणत निघाला, सून धावली, आणि ‘दगड’. धुरळा. प्रेक्षकांतून एक हुंदका आला. तो शब्द नव्हता म्हणून चालला.

पण त्यानंतर खेळ असा काही रंगला की त्या मैदानाने तो कधी पाहिला नव्हता. मास्तरांचे चेंडू भिंतीजवळ उतरतात हे सुनेने ताडलं आणि आपले झेले पार पुढे आणून उभे केले. मास्तरांची ‘झुळूक’ तिने त्यांच्या नाकासमोरून उचलली. ‘हुरहूर’ हवेत दोन झेल्यांच्या हाताला लागून उडाली, तिसऱ्याने पालथं पडून पोटावर घेतली. पुकारेंच्या डावांचा मात्र एकामागून एक धुरळा होत होता. मास्तरांनी कमवायचं, सुनेने त्यातलं अर्धं पळवायचं आणि सासऱ्यांनी आपल्या डावाची माती करायची, असा तो सामना चालला होता. लोक बसल्या जागी उड्या मारत होते, एकमेकांच्या खांद्यावर बुक्क्या मारत होते. एक गंभीर चेहऱ्याचा शाळा-तपासनीस रुमालाबरोबर स्वतःची टोपीही चावत होता.

शेवटच्या डावाआधी मध्यंतर. मध्यंतरात दोराबाहेर हळू बोलता येतं. वरची गल्ली तीन गुणांनी पुढे होती, आणि शेवटची हाक पुकारेंची.

‘‘चार अक्षरी पाहिजे,’’ सून म्हणाली. ‘‘जोडाक्षर नको. आणि उष्टा नको.’’

सगळे आठवू लागले. जो शब्द निघे तो उष्टा. ‘वाटसरू’ पहिल्याच आठवड्यात गेला होता, ‘पाणवठा’ परवाच्या सामन्यात. औषधवाल्याला फक्त औषधांची नावं आठवत होती, आणि ती भिंतीने सुद्धा उच्चारली नसती.

पुकारेंची बायको दोराला टेकून उभी होती. ‘‘अडगळ,’’ ती म्हणाली. ‘‘कुणी मारली नसेल. रोज समोर दिसते ना, म्हणून सुचली.’’

तिने नवऱ्याकडे बघितलंही नाही. पुकारे म्हणाले, ‘‘शब्द चांगला आहे.’’

सुनेने त्यांना बाजूला घेतलं. आता ती बूच काढेल किंवा हात ठेवील, असं त्यांना वाटलं. ती म्हणाली, ‘‘बाबा, नेहमीसारखी मारा. कोर्टात मारता तशी. मनात काही आणू नका.’’

‘‘मग दुसरी येणार.’’

‘‘बघू या.’’

पुकारे रेघेवर उभे राहिले. समोर भिंत, तिच्यावर हंगामभराच्या शब्दांचे वण. पाठीमागे किती माणसं श्वास रोखून उभी आहेत, हे त्यांना पाठीने कळत होतं. ही हाक फुकट गेली तर उद्यापासून डिंक आणि पाकिटं. त्यांनी छाती भरून घेतली.

‘अडगळ’.

असा शब्द त्या भिंतीवर कधी बसला नव्हता. चुन्याचा पोपडा उडाला. चेंडू निघाला तो तोफेच्या गोळ्यासारखा, आणि शेवटच्या ‘ळ’ने त्याला अशी काही गिरकी दिली की तो पुकारेंच्या डोक्यावर येऊन उजवीकडे वळला, पुन्हा डावीकडे वळला, आणि दोन्ही संघांचे झेले एकमेकांवर आदळून पडले. पुकारेंना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांच्या मागे शांतता होती. ओळखीची शांतता, व्हरांड्यातली. पोचली की नाही? कुणी आहे की नाही? छाती आपोआप पुन्हा भरली, जीभ टाळूपाशी गेली, ‘अ’ ओठावर आला.

आणि मागून, धावत्या माणसाच्या धापेत, कुणीतरी म्हणालं, ‘‘ओ.’’

पुकारे थांबले. भरलेली छाती त्यांनी हळूच सोडली. काम झालं होतं. माणूस हजर होता. ते शांतपणे मागे वळले, तेव्हा सून मैदानाच्या पार टोकाला गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या दोन तळव्यांत, काचेसारखी अलगद धरलेली, चारही अक्षरांसकट अडगळ होती.

शिटी वाजायच्या आत गायनमास्तर पंचांसमोर उभे होते. खेळ थांबल्याची खूण पंचांनी केली, म्हणजे आता भिंतीपर्यंत जाणार नाही अशा बेताने बोलता येत होतं.

‘‘ती बोलली. सगळ्यांनी ऐकलं. ओ म्हणाली.’’

‘‘हो, म्हणाले मी,’’ सून म्हणाली.

‘‘मग डाव बाद. ओ हा शब्द आहे. स्वर आहे, अर्थ आहे, शब्दकोशात आहे.’’

‘‘चेंडू फुटला का?’’ पंचांनी विचारलं.

‘‘तो प्रश्न नाही.’’

‘‘प्रश्न तोच आहे, मास्तर. शब्द भिंतीवर गेला की चेंडू होतो. तिचा ओ भिंतीवर गेला असता तर अडगळीवर आदळला असता. आदळला नाही.’’ डॉक्टरांनी खिशातला छोटा आरसा काढून उगाचच सुनेच्या तोंडात बघितलं. सवय कुणाला चुकली आहे. ‘‘तुम्हीच मारून बघा. रेघेवर जा आणि ओ म्हणा.’’

मास्तर रेघेवर गेले. त्यांनी ओ लावला. फार सुंदर लावला. लांब, भरलेला, शेवटी किंचित खाली उतरणारा. भिंतीकडून काही आलं नाही. त्यांनी वरच्या पट्टीत लावून पाहिला. भिंत ढिम्म. दोराबाहेरच्या लोकांनी माना लांब केल्या होत्या.

‘‘मग हिचा गेला कुठे?’’ मास्तर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात भांडण कमी आणि कुतूहल जास्त होतं.

पंचांनी पुकारेंकडे पाहिलं. पुकारे भिंतीकडे पाठ करून, हात बाजूला सोडून उभे होते. हाकचेंडूच्या कुठल्याही सामन्यात दुसऱ्या हाकेविना उभे राहिलेले पुकारे कुणी बघितले नव्हते, त्यामुळे लोक त्यांच्याकडे जरा अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत होते.

‘‘ज्याने हाक मारली त्याच्याकडे,’’ पंच म्हणाले. ‘‘ओ भिंतीसाठी नसतोच. चार गुण. सामना संपला.’’

आणि त्यांनी लांब शिटी फुंकली.

आता ही हंगामाची शेवटची शिटी होती, आणि ती वाजली की वर्षभराचे उष्टे शब्द पुन्हा कोरे होतात. दर वर्षी लोक शहाण्यासारखे आधी मैदानाबाहेर जातात आणि मग बोलतात. त्या दिवशी ते कुणालाच सुचलं नाही. सबंध दुपार रुमालात कोंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ‘जिंकलो’, ‘बघितलंस’, ‘कमाल’, ‘सरक’, ‘माझी टोपी’, सगळं भिंतीवर जाऊन आदळलं आणि चेंडू होऊन मैदानावर कोसळू लागलं. लोक डोकी वाचवत धावत होते, हसत होते, आणि हसताना पुन्हा बोलत होते, म्हणजे आणखी चेंडू. चिटणीसाच्या कपाळावर त्याचाच ‘शाबास’ येऊन बसला. गायनमास्तरांनी कुणाचा तरी ‘अरेरे’ एका हातात झेलला आणि त्यांना तो इतका आवडला की ते दुसरा शोधू लागले. सून तशीच गुडघ्यांवर बसून खदखदून हसत होती.

‘‘पुढच्या हंगामालाही तुम्हीच,’’ चिटणीस कपाळ चोळत, वाकून, चेंडूंच्या पावसातून ओरडला. ‘‘तुम्ही आणि तुमची ओवाली, दोघं.’’ ‘ओवाली’ भिंतीवर गेली आणि परत येऊन त्याच्या पाठीत बसली.

पुकारे मैदानाच्या मधोमध उभे होते. ते कधी झेले नव्हते. चेंडू कसा धरतात हे त्यांना माहीत नव्हतं. एवढ्यात गर्दीच्या डोक्यावरून एक लहानसा, दोन अक्षरी चेंडू सरळ त्यांच्याच रोखाने आला. त्यांनी ओंजळ पुढे केली आणि तो तीत नीट बसला. ‘अहो’. उबदार होता.

पुकारेंनी दोराकडे पाहिलं. बायको तिथे उभी होती, रुमालाची घडी घालत.

‘‘ओ,’’ पुकारे म्हणाले.

‘‘एकदाच मारली,’’ ती म्हणाली. ‘‘चला आता घरी.’’